फेरीच्या पोटात फेरी

"पुन्हा तेच. 'फार खोल'," यंत्राच्या पडद्याकडे बघत खोब्रागडे साहेब म्हणाले. "अहो ओगले, तुमच्या या चेकरला दुसरं काही बोलता येते का नाही?"

मी खुर्ची उलटी करून, तिच्या पाठीवर हनुवटी टेकून बसलो होतो आणि मारोती आत्रामला मद्रासची गोष्ट सांगत होतो. तिथल्या एका संगणकाच्या पोटातून मी नागाची अखंड कात ओढून काढली आणि त्या दिवसापासून तो फुत्कारायचा थांबला, इथवर आलो होतो. मद्रास मी आजतागायत पाहिलेलं नाही. मारोतीला ते कळत होतं, त्याला कळतंय हे मला कळत होतं, त्यामुळे गोष्ट चांगली रंगात आली होती.

"मंग कातीचं काय केलं, साहेब?"

"मॅनेजरच्या बायकोने मागून घेतली. जपून ठेवायला."

"बाई धीराची दिसते," मारोती म्हणाला आणि त्याने उठून ब्रेकच्या दांड्यावरून फडकं फिरवलं.

ही त्र्याण्णव सालच्या एप्रिलमधली, दुपारी दीडची गोष्ट. जागा, चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीचं इंजिन हाऊस. मध्ये दोन पुरुष उंचीचा लोखंडी ढोल, त्यावर मनगटाएवढ्या जाडीचा दोर गुंडाळलेला. तो दोर भिंतीतल्या फटीतून बाहेर, उंच चाकावरून सरळ जमिनीच्या पोटात, तीनशे दहा मीटर. टोकाला पिंजरा. खाणीतले लोक त्याला डोली म्हणतात. एका वेळी चोवीस माणसं त्या डोलीतून खाली जात आणि वर येत. ढोल फिरवणारा ड्रायव्हर म्हणजे मारोती. बावीस वर्षं त्याच खुर्चीवर. खोब्रागडे साहेब खाणीचे इलेक्ट्रिकल इंजिनियर, जाड चष्म्याचे, हट्टी आणि सज्जन.

आणि मी पुण्याहून आलेला पाहुणा. आमच्या छोट्या कंपनीने त्या डोलीसाठी नवं यंत्र बसवलं होतं. डोली कुठे आहे, किती वेगाने जाते, कुठे हळू करायची, हे ते यंत्र मोजी आणि ढोलाला तसं चालवी. मारोतीने फक्त लक्ष ठेवायचं आणि वेळ आली तर हाताने ब्रेक ओढायचा. यंत्राला काय करायचं ते सांगण्यासाठी आमच्या आगाशेबाईंनी एक सोपी भाषा रचली होती, आणि त्या भाषेत लिहिलेलं यंत्राला समजेल असं उतरवणारा कंपायलर लिहिला होता. उतरवण्याआधी कंपायलरचा एक भाग सगळं तपासून घेई. मीटरच्या जागी मीटरच आहेत ना, सेकंदांच्या जागी सेकंदच आहेत ना, प्रत्येक वस्तूच्या आत काय आहे. तो चेकर. बाईंनी चेकर लिहायचा आणि मी त्याला छळायचं, अशी आमची वाटणी. पगार मला छळण्याचा मिळे.

"काय लिहिलंय तुम्ही?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

"फेरीची नोंद. एका फेरीत काय काय पाहिजे? खोली, वजन, वेळ आणि मागची फेरी. मागची फेरी जवळ असली म्हणजे तुलना करता येते."

"मागची फेरी आख्खी आत ठेवता येणार नाही, साहेब. चेकर विचारतो, फेरीत काय आहे? तुम्ही म्हणता, मागची फेरी. तिच्यात काय आहे? तिच्या मागची फेरी. तो एकेक उघडत आत जातो, तळ काही लागत नाही. म्हणून चौसष्ट पायऱ्या उतरला की तो म्हणतो, फार खोल, आणि परत फिरतो. मागच्या फेरीचा नुसता नंबर ठेवा."

"नंबराने काय होते? मले ती फेरी पाहिजे." चिडले की खोब्रागडे साहेबांचा 'मला' जाऊन 'मले' येई. "अन् चौसष्ट पायऱ्या उतरायला याला एवढा वेळ कायले लागते? सकाळी पटकन बोलत होता. आता मी चहाचा कप संपवला तरी बोलला नाही."

मी मद्रासला परत जायच्या बेतात होतो. तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"किती वेळ लागला?"

"अर्धा मिनिट असेल."

"सकाळपासून कितीदा दाबलंत?"

"दहा-बारा वेळा. मोजलं कोणी?"

पहिल्या दिवशी याच खोलीत, या दोघांसमोर, मी मुद्दाम असलाच एक प्रोग्रॅम घालून चेकरची परीक्षा करून दाखवली होती. तेव्हा उत्तर दोन सेकंदांत आलं होतं. चौसष्ट पायऱ्यांना दोन सेकंद. अर्धा मिनिट म्हणजे तो चौसष्टवर थांबलेला नव्हता.

"पुन्हा दाबा बरं एकदा," मी म्हणालो आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

खोब्रागडे साहेबांनी कळ दाबली. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात डोलीची खोली दिसत होती, शून्य. डोली वर उभी होती. सेकंदकाटा फिरत राहिला. दहा. वीस. पडद्यावर काही हलेना. तीस.

'फार खोल.'

तीस सेकंद म्हणजे पंधरा पट. हा पंधरावा नकार होता, माझा पहिल्या दिवसाचा धरून. प्रत्येक नकारानंतर चेकर पुढच्या वेळी आणखी चौसष्ट पायऱ्या खोल जात होता. पायऱ्या मोजणारा आकडा परत येताना जास्तच मागे सरकत होता, शून्याच्या खाली. आणि प्रत्येक पायरीला यंत्राच्या स्मरणातली थोडी जागा लागते. हजारभर पायऱ्यांपुरती जागा होती. पंधरा वेळा चौसष्ट, नऊशे साठ. त्यापुढे जे काय लिहिलं जाईल ते पलीकडच्या जागेत. पलीकडे काय होतं ते मला पाठ होतं. पलीकडे डोलीच्या खोलीचा आकडा होता.

"साहेब," मी म्हणालो, "आता दाबू नका."

"कायले?"

"सोळाव्या वेळेला बिघडेल."

"सोळाव्यालाच कसं? मुहूर्त काढला का?"

तेवढ्यात भिंतीवरची घंटा वाजली. तीन टोले.

तीन टोले म्हणजे माणसं. खाली जायला दुपारची पाळी डोलीत चढत होती. मारोतीने फडकं खिशात कोंबलं, खुर्चीवर बसला, एक हात ब्रेकच्या दांड्यावर ठेवला, आणि त्या क्षणापासून तो आमच्यात नव्हता. त्याच्या डोक्यावर पाटी होती, 'माणसे चढता-उतरताना ड्रायव्हरशी बोलू नये.' त्या पाटीला तिथे देव्हाऱ्याएवढा मान. खुद्द खाणीचे मॅनेजर आत आले तरी घंटा वाजल्यावर दाराशी चपला हातात घेऊन उभे राहत, इतकी शांतता. हे मी वाढवून सांगत नाही, मी स्वतः पाहिलंय.

पुन्हा दोन टोले. ढोल हलला. दोर सरकायला लागला.

आणि खोब्रागडे साहेबांनी कळ दाबली.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला तोवर उशीर झाला होता.

"काय केलंत?" मी कुजबुजलो.

"फेरीचं नाव बदलून पाहिलं," तेही कुजबुजले. "नवीन प्रोग्रॅम माणसं असताना चढवत नाही मी. फक्त तपासून राह्यलो. तुम्हीच तर सांगितलं होतं परवा, तपासणी म्हणजे नुसतं पाहणं. त्याने काही बदलत नाही म्हणून."

सांगितलं होतं. उभं राहून, खिशात हात घालून, टाचांवर डुलत सांगितलं होतं.

"थांबवा ते."

"मध्येच थांबते का? तुमचंच यंत्र आहे."

मध्येच थांबत नसे. यंत्र बंद करावं तर ते लोखंडी कपाटात, आणि माणसं खाली असताना कोणी चुकून बंद करू नये म्हणून कपाटाची किल्ली मॅनेजरच्या ऑफिसात. चार दिवस ते यंत्र अखंड चालू होतं ते त्याचमुळे. सोळावी वेळ म्हणजे बत्तीस सेकंद. पाच गेले होते. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढत होता. वीस मीटर. तीस.

"साहेब, ऐका. चेकर जागा संपवणार. मग डोली कुठे आहे तो आकडा पुसला जाईल. यंत्राला वाटेल डोली वरच आहे. ते तिला पूर्ण वेगात सोडत राहील, तळाशी हळू करणार नाही. मारोतीला थांबवायला सांगा."

खोब्रागडे साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू होतं. चार दिवस त्यांनी माझं ऐकलं होतं. कोल्हापूरच्या कारखान्यातलं भूत ऐकलं होतं, पुण्याच्या आमच्या ऑफिसात शिरून दोन तास टंकलेखन करणारा बिबट्या ऐकला होता.

"मारोती घंटेनंतर देवाचं पण ऐकत नाही," ते म्हणाले. "आत्ता चोवीस माणसं आहेत डोलीत. असल्या वेळी मस्करी नका करू, भाऊ."

"मस्करी नाही."

"बिबट्याच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाले होते."

पंधरा सेकंद. सत्तर मीटर. मारोतीच्या उजव्या हाताला जुनं पितळी तबक होतं, त्यावर काटा. ढोलाला दातेरी चाकांनी जोडलेला, विजेशी संबंध नसलेला. काटा आणि पडदा बरोबरीने चालले होते. ऐंशी. नव्वद.

मी पाटी न जुमानता मारोतीच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"मारोतीभाऊ, डोली थांबव. यंत्र चुकणार आहे."

तो वळला नाही. भुवई तेवढी आवळली गेली. मागून खोब्रागडे साहेबांनी माझा दंड धरला आणि चांगलाच ओढला.

"बाहेर चला, ओगले."

"मारोतीभाऊ, खरं सांगतो."

खरं सांगतो हे शब्द मी त्या चार दिवसांत किती वेळा वापरले असतील, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मारोतीच्या मिशीखाली हलकं काहीतरी झालं. हसत होता तो. नजर समोर, हात दांड्यावर, आणि ओठाच्या कोपऱ्यात माझ्या गोष्टीसाठी राखून ठेवलेलं ते हसू. कोपऱ्यातला आकडा एकशे चाळीस झाला. एकशे पन्नास.

पंचवीस सेकंद असतील. त्या फटीतून दोर जात होता, तेल चढलेला, काळा, शांत. त्याच्या खालच्या टोकाला चोवीस जण खांद्याला खांदा लावून उभे होते आणि त्यांच्या पायाखाली अजून निम्मी खाण होती.

"दोर," मी म्हणालो. ओरडलो नाही. "दोराची तार उसवलेली दिसली. आत्ता गेली त्या फटीतून. दोन-तीन तारा, बाहेर आलेल्या."

वाक्य संपायच्या आत मारोतीने दांडा ओढला.

असला आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. ढोल कण्हला, ब्रेकचे जबडे त्याला चावून बसले, जमीन हादरली. दोर ताणला गेला, खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. मग थरथरत उभा राहिला. जळक्या वासाचा धूर वर चढला. खोब्रागडे साहेबांचा हात माझ्या दंडावरून गळून पडला.

पितळी काटा एकशे नव्वदवर थांबला होता.

पडद्याच्या कोपऱ्यात एकशे नव्वद होतं. आम्ही तिघेही तिकडे बघत असताना ते गेलं. त्या जागी अकरा आलं. आणि वर, जिथे 'फार खोल' यायचं, तिथे काहीच आलं नाही.

"अकरा कसं?" खोब्रागडे साहेब म्हणाले.

मारोतीने एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग हात वर करून त्याने एक जुना खटका खाली ओढला आणि यंत्राला ढोलापासून तोडून टाकलं. आता डोली फक्त त्याच्या हातात होती.

"मारोतीभाऊ," मी म्हणालो, "दोर ठीक आहे. मी काही पाहिलं नाही. तू थांबत नव्हतास म्हणून बोललो."

"आता तुमी काई बी म्हना, साहेब." तो माझ्याकडे बघत नव्हता. "दोराचं नाव निंगालं. पाह्यल्याबिगर मी दोरावर भरोसा ठेवनार नाई."

बोललेलं मागे घेता येईना. उसवलेला असेल अशा दोरावर माणसं घेतात तशी त्याने डोली वर घेतली, मुंगीच्या पावलांनी. पंचवीस मिनिटं लागली. डोलीतल्या टेलिफोनवरून कोणीतरी विचारलं, काय झालं, आणि खोब्रागडे साहेबांनी सांगितलं, दोर बघायचा आहे, हलू नका. त्यानंतर खालून कोणी काही विचारलं नाही. पंचवीस मिनिटं चोवीस माणसं न हलता उभी होती, मी तयार केलेल्या दोन-तीन तारांच्या भीतीने. मी दाराशी उकिडवा बसून काट्याचा एकेक मीटर मोजत होतो. माणसं वर आली तेव्हा एकाला बाहेर ओकारी झाली. ती मी ऐकली.

मग दोराची तपासणी. ढोल मुंगीच्याच वेगाने फिरवतात आणि दोन माणसं दोराभोवती सुती चिंध्या धरून उभी राहतात. कुठे तार तुटली असेल तर चिंधीचा धागा अडकतो. तीनशे दहा मीटर दोर चिंधीतून गेला. एक धागा अडकला नाही.

ती तपासणी चालू असताना खोब्रागडे साहेबांनी कपाटाची किल्ली आणवली.

"दाखवा मला," ते म्हणाले. "ढोल तुटलेला आहे यंत्रापासून, डोली वर उभी आहे, कोणाला काही होणार नाही. करून दाखवा."

मी यंत्र बंद करून सुरू केलं. त्यांचीच फेरी घातली, पोटात मागची फेरी असलेली. कळ दाबली. दोन सेकंद, फार खोल. पुन्हा. चार सेकंद. सहा. आठ. प्रत्येक नकारानंतर खोब्रागडे साहेब पाटीच्या कडेला खडूने एक रेघ ओढत होते. चौदाव्याला त्यांनी चष्मा काढून पुसला. पंधराव्यानंतर मी हात मागे घेतला.

"दाबा," ते म्हणाले.

तिथे जोखीम कसलीच नव्हती, तरी माझं बोट उचलेना. त्यांनीच दाबलं. बत्तीस सेकंदांनी कोपऱ्यातलं शून्य जाऊन तिथे दोनशे सात आलं. बाहेर डोली हललीसुद्धा नव्हती.

"अन् पुण्याला हे दिसलं नाही तुम्हाला? परीक्षा करता नं तुम्ही?"

"आमच्याकडे पद्धत आहे," मी म्हणालो. "आगाशेबाईंचा नियम. प्रत्येक चाचणीआधी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. आधीच्या चाचणीचा विटाळ पुढच्या चाचणीला नको. त्यामुळे दर वेळी आकडा शून्यापासून. दर वेळी चौसष्टला थांबतो, पास."

"सोवळ्यातली परीक्षा," खोब्रागडे साहेब म्हणाले. "अन् इथे यंत्र बंदच होत नाही."

"हो."

"तरी तुम्हाला सोळावा नंबर कसा माहीत होता?"

"हिशेब केला. जागा भागिले पायऱ्या."

"अर्ध्या मिनिटात," ते म्हणाले. "हुशार आहात." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

मॅनेजरच्या ऑफिसातून मी पुण्याला फोन लावला. आगाशेबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "नकार दिल्यावर बाहेर पडताना आकडा दोनदा कमी होतोय का?" मी म्हटलं, तसंच दिसतंय. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "होतोय," बाई म्हणाल्या. "दर वेळी यंत्र नवं करून घ्या, हे मीच तुम्हाला सांगत होते, ओगले. तुम्ही बिचारे तसं करत राहिलात." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता. यंत्र कपाटातून काढून पुण्याला न्यायचं ठरलं. मी फोन ठेवला.

संध्याकाळी साडेसहाला दोर चांगला असल्याचा दाखला झाला. मी सामान आवरत होतो तेव्हा मारोती आला. पाळी संपली होती तरी तो गेला नव्हता.

"चला, साहेब."

"कुठे?"

"खाली. आमच्यात रीत हाये. जो दोरावर शक घेते, त्यानं पयल्या डोलीत बसून जा लागते. मंग बाकीच्यायले भरोसा येते."

"अरे, पण मी खोटं बोललो होतो. तुला माहीत आहे."

"मले माहीत हाये. त्यायले नाई." तो चालायला लागला. "मीच सोडतो हातानं. यंतर नाई."

डोक्यावर दिव्याची टोपी चढवली, पट्टा बांधला. डोलीत पुढच्या बाजूला एक साखळी, बाकी मोकळं. दुपारचीच माणसं होती, माझ्यासाठी एक जण मागे राहिला. त्यांनी मला मधोमध जागा दिली. बाहेर तीन टोले वाजले, मग दोन, आणि पायाखालची जमीन निघून गेली.

उजेड वर गेला आणि काड्यापेटीएवढा झाला. भिंत ओली होती, अगदी नाकासमोरून वर धावत होती. खालून वारा येत होता, गार, कोळशाच्या वासाचा. मी साखळी दोन्ही हातांनी धरली होती. कानात दडे बसले. किती मीटर झाले ते दाखवणारं तिथे काही नव्हतं.

शेजारी एक म्हातारा होता, झिबल मडावी. त्याने खिशातून खर्ऱ्याची, सुपारी-तंबाखूची पुडी काढली, चिमूट घेतली, पुडी माझ्यापुढे केली.

"घ्या, साहेब. कापून राह्यले तुमी."

"दोर चांगला निघाला," मी म्हणालो.

"निंगाला तं बेस झालं. तुमाले दिसलं, तुमी बोल्ले. खोटं निंगालं तरी कोनी हासत नाई इथं. आमाले मारते तो दिसूनसन्या चूप राह्यनारा."

त्याने ते सहज म्हटलं. पुडी गुंडाळून पुन्हा खिशात ठेवली.

"झिबलभाऊ, मी दोर पाहिलाच नव्हता," मी म्हणालो.

आसपासचे दोन-तीन दिवे माझ्याकडे वळले.

"बिघाड यंत्रात होता. आणि तो मला आज कळलेला नाही. फेब्रुवारीत, एका मंगळवारी पुण्याला, मी या 'फार खोल'च्याच चाळीस चाचण्या करत होतो. प्रत्येक चाचणीआधी यंत्र बंद करून सुरू करायचं म्हणजे चार-चार मिनिटं. मला कंटाळा आला. मी बंद न करताच एकापाठोपाठ एक चालवल्या. सोळावीला पडद्यावरचं घड्याळ भलतंच काहीतरी दाखवायला लागलं आणि यंत्र गोठलं. मी सांगितलं असतं तर नियम मोडला हे कळलं असतं. म्हणून बंद केलं, सुरू केलं, सोळावी पुन्हा चालवली. पास झाली. मी कागदावर सही केली."

भिंत वर धावत होती. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, त्याचा आवाज आला आणि मागे पडला.

"म्हंजे तुमाले दोन महिन्यापासून मालूम होतं," झिबल हळू म्हणाला.

"हो."

"अन् तेच यंतर आमच्या डोलीले बसवलं."

"हो."

"अन् आज चोवीस मान्सं खाली जात असताना, बराब्बर सोळावा नंबर आला."

"हो."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचा दिवा डोळ्यात येत होता म्हणून मला त्याचा चेहरा दिसत नव्हता. मी वाट बघत होतो. काहीही चाललं असतं मला. त्याने कानाखाली दिली असती तरी.

मग मागून एक जण म्हणाला, "अरे, हेच का ते गोष्टीवाले साहेब? क्यांटीनमंदी सांगते ते?"

"हेच," दुसरा म्हणाला.

झिबलच्या छातीतून घरघर निघाली आणि ती हसण्यात बदलली. बाजूचा हसला. मग सगळी डोली.

"आंगावर काटा आनला लेकानं," झिबल डोळे पुसत म्हणाला. "बेस सांगता, साहेब. पन दोराची याच्याहून चांगली होती."

"नाही, झिबलभाऊ," मी म्हणालो. "ऐक. खरंच."

"चूप रे, चूप," तो मागच्यांना म्हणाला. "सांगून राह्यले अजून."

डोली खाली जातच होती. हसणं थांबलं, आणि तेवीस दिवे माझ्या तोंडावर येऊन स्थिर झाले.